सॉल्सबरीचा सर्दी-प्रयोग: ताण, जनुके आणि विषाणूला शरीर देते ते उत्तर

एकाच घरात राहणाऱ्या चार माणसांपैकी एकाला कडकडून सर्दी होते, दुसऱ्याचे दोन-चार शिंकांवर निभावते आणि उरलेल्या दोघांना काहीच होत नाही, हा अनुभव सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याची दोन कारणे आपल्याकडे तयार असतात. एक म्हणजे ‘त्याने फार टेन्शन घेतले होते’ आणि दुसरे म्हणजे ‘त्याची प्रकृतीच तशी, आईकडून आलेली’. दोन्हींत तथ्य असू शकते. पण रोजच्या जगण्यात ते पडताळून पाहता येत नाही, कारण कोणाच्या नाकात कोणता विषाणू गेला, किती गेला आणि केव्हा गेला यांपैकी एकही गोष्ट आपल्याला ठाऊक नसते. ज्याच्यावर कामाचा ताण अधिक आहे तो गर्दीतून प्रवासही अधिक करत असेल, झोपत कमी असेल, सिगारेट जास्त ओढत असेल. मग आजार ताणामुळे आला की गर्दीमुळे, झोपेमुळे की धुरामुळे, हे कशावरून ठरवायचे? ही अडचण दूर करणारा एक प्रयोग इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. ताण आणि विषाणूसंसर्ग यांच्या संबंधाविषयी आज जे काही खात्रीने बोलता येते, त्यातील बरेचसे या प्रयोगावर उभे आहे. त्याने काय सिद्ध केले, काय सुचवले आणि कोणता प्रश्न मोकळा ठेवला, हे या प्रकरण अभ्यासात तपशिलाने पाहायचे आहे.

जागा आणि रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेड क्रॉस यांनी सॉल्सबरीजवळ साथीच्या रोगांसाठी एक रुग्णालय उभारले. त्याच्या बैठ्या इमारतींचे सुटे भाग अमेरिकेतून जहाजांनी आणले होते. युद्धानंतर १९४६ मध्ये तेथे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ‘कॉमन कोल्ड युनिट’ सुरू केले आणि ते १९९० पर्यंत चालले. निरोगी स्वयंसेवकांनी तेथे सुमारे दहा दिवस राहायचे, दोघांनी किंवा तिघांनी मिळून एका छोट्या घरात मुक्काम करायचा, बाहेर फिरायला जाताना इतरांपासून ठरावीक अंतर राखायचे आणि नाकात थेंब घालून घ्यायचे, अशी पद्धत होती. अनेक जण तेथे सुट्टी घालवायला आल्यासारखे, पुन्हा पुन्हा येत असत. कोरोना विषाणूंचा गट म्हणून जो आज ओळखला जातो, त्याच्या ओळखीचा पाया १९६०च्या दशकात याच केंद्रातील डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने घातला गेला.

या केंद्राकडे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी एक प्रश्न आणला आणि टिरेल व अँड्रू स्मिथ यांच्यासह तो तडीस नेला. प्रयोगात १८ ते ५४ वर्षे वयाच्या ४२० निरोगी स्त्री-पुरुषांनी भाग घेतला. त्यांपैकी ३९४ जणांच्या नाकात पाचपैकी एका श्वसन-विषाणूचे थेंब घातले गेले: ऱ्हायनोव्हायरसचे तीन प्रकार (क्रमांक २, ९ आणि १४), रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस आणि कोरोनाव्हायरस २२९-ई. उरलेल्या २६ जणांना नुसते मिठाचे पाणी देण्यात आले. थेंब घालण्याआधी दोन दिवस आणि घातल्यानंतर सात दिवस स्वयंसेवक विलगीकरणात होते, म्हणजे बाहेरून दुसरा विषाणू येण्याची वाट जवळजवळ बंद होती.

रोज एक डॉक्टर ठरलेल्या तक्त्यानुसार प्रत्येकाला तपासत असे. शिंका, नाक चोंदणे, घशाची खवखव, आवाज बसणे, खोकला अशा लक्षणांची नोंद होई, दिवसातून दोनदा ताप मोजला जाई आणि प्रत्येकाने दिवसभरात नाक पुसायला किती कागदी रुमाल वापरले, तेही मोजले जाई. या रुमालांच्या मोजणीला फार महत्त्व आहे. त्रासलेला माणूस ‘मला फार बरे नाही’ असे लवकर म्हणेल, पण रुमालांचा ढीग त्याच्या मनःस्थितीप्रमाणे लहान-मोठा होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला कोणाचा ताण किती आहे हे माहीत नव्हते. संसर्ग झाला की नाही, हे तर रुग्णाच्या सांगण्यावर मुळीच अवलंबून नव्हते: नाकातील स्रावात विषाणू सापडला किंवा सुमारे चार आठवड्यांनी घेतलेल्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे ठळकपणे वाढलेली दिसली, तरच संसर्ग धरला जाई. आणि संसर्ग सिद्ध होऊन शिवाय डॉक्टरांनी सर्दीचे निदान केले, तरच त्या माणसाला ‘सर्दी झाली’ असे नोंदले जाई.

ताण मोजण्यासाठी तीन वेगळ्या प्रश्नावल्या विषाणू देण्याआधीच भरून घेतल्या होत्या. पहिलीत गेल्या वर्षभरातील मोठे धक्के विचारले होते, जसे जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे, घर बदलावे लागणे. दुसरीत आयुष्याच्या मागण्या आपल्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत असे माणसाला किती वेळा वाटते, हे विचारले होते. तिसरीत चिंता, खिन्नता, चिडचिड अशा भावनांची मोजदाद होती. तिन्ही मिळून एक निर्देशांक तयार केला गेला.

आकडे काय सांगतात

विषाणू मिळालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना संसर्ग झाला, पण सर्दी झाली ती सुमारे ३८ टक्क्यांनाच. या पहिल्याच निष्कर्षापाशी थोडे थांबायला हवे. विषाणू थेट नाकात घातला तरी काहींच्या शरीरात त्याने मूळ धरले नाही, आणि ज्यांच्यात मूळ धरले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोक दिसण्यासारखे आजारी पडले नाहीत. संसर्ग होणे आणि आजारी पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पुढचे सगळे विवेचन या फरकावर अवलंबून आहे.

ताणाचा निर्देशांक जसजसा वाढत गेला तसतसे संसर्गाचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांपासून सुमारे ९० टक्क्यांपर्यंत आणि सर्दीचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत चढत गेले. ही चढण पायरीपायरीने होती, म्हणजे फक्त अतिताणाखालचे लोक वेगळे पडले आणि बाकी सारे सारखे, असे नव्हते. वय, लिंग, शिक्षण, वजन, ऋतू, ॲलर्जी, एका घरात किती जण राहत होते, सोबत राहणाऱ्याला संसर्ग झाला होता का, आणि त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून रक्तात होती का, या सर्वांचा हिशेब धरल्यावरही संबंध टिकून राहिला. धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, आहार, झोपेची प्रत, पांढऱ्या पेशींची संख्या आणि एकूण इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातील सर्व प्रतिपिंडांचे प्रमाण) यांनीही त्याचे स्पष्टीकरण मिळाले नाही. स्वाभिमान, अंतर्मुखता यांसारख्या स्वभावगुणांनीही तो पुसला गेला नाही. आणि पाचही विषाणूंबाबत चित्र साधारण सारखेच होते.

१९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्वाधिक ताण आणि सर्वांत कमी ताण यांच्या तुलनेत संसर्गासाठी ५.८१ आणि सर्दीसाठी २.१६ असे दोन आकडे दिले होते. यातील पहिला आकडा ‘ताणामुळे संसर्ग जवळजवळ सहापट’ असा वाचण्याची चूक सहज होते. तो शक्यतांच्या गुणोत्तराचा आकडा आहे, म्हणजे संसर्ग होण्याची आणि न होण्याची जी तुलना असते तिचा. प्रत्यक्षात ७४ चे ९० होणे म्हणजे सव्वापटीच्या आसपासची वाढ. परिणाम खरा आहे, पण तो अवाढव्य नाही. सर्वांत ताणाखाली असलेल्या गटातही निम्म्याहून अधिक लोकांना सर्दी झाली नाही आणि सर्वांत निवांत गटातल्या चौघांतील एकाला ती झालीच. एखाद्या आजारी माणसाला ‘तू टेन्शन घेतलेस म्हणून’ असे सांगण्यापूर्वी हे दोन आकडे समोर ठेवले पाहिजेत असे मला तळमळीने वाटते, कारण त्या वाक्याने आजारावर अपराधाचे ओझे चढते आणि ते शास्त्राच्या नावाने चढवले जाते.

ताण नेमका कोठे पोहोचतो

लेखकांचा मूळ निष्कर्ष असा होता की ताणामुळे मुख्यतः संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते, संसर्ग झालेल्यांत लक्षणे दिसण्याचे नव्हे. दोन वर्षांनी त्याच माहितीचे अधिक बारीक विश्लेषण झाले तेव्हा तिन्ही प्रश्नावल्या एकाच दिशेने बोलत नसल्याचे दिसले. ‘आवाक्याबाहेर गेले आहे’ ही जाणीव आणि नकोशा भावना यांचा संबंध संसर्ग होण्याशी होता. तर आयुष्यात प्रत्यक्ष घडलेल्या मोठ्या धक्क्यांचा संबंध संसर्ग झाल्यानंतर आजारी पडण्याशी होता. म्हणजे ज्याला आपण सरसकट ताण म्हणतो, त्याच्या निदान दोन वेगळ्या वाटा शरीरात असाव्यात.

पुढे कोहेन यांनी हेच काम अमेरिकेत पिट्सबर्ग येथे चालू ठेवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७६ स्वयंसेवकांच्या अभ्यासात प्रश्नावलीऐवजी तपशीलवार मुलाखती घेतल्या गेल्या आणि त्यातून जे निघाले ते व्यवहारात फार उपयोगाचे आहे. महिन्याच्या आत संपणाऱ्या ताणाचा सर्दीशी संबंध दिसला नाही. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रेंगाळलेला ताण मात्र धोका वाढवत होता, आणि त्यातही दोन प्रकार ठळक होते: बेकारी किंवा अपुरे काम, आणि घरातील वा जवळच्या माणसांशी चाललेला दीर्घ बेबनाव. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड आणि दोन वर्षे रखडलेला पगार यांना एकाच शब्दाने संबोधणे शरीराच्या दृष्टीने चुकीचे आहे. सुमारे ३०० अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २००४ मधील एका संकलनातही हाच भेद दिसतो: काही मिनिटांचा ताण जन्मजात प्रतिकाराच्या पेशींना रक्तात आणून उभे करतो, तर महिनोन्‌महिने चाललेला ताण जन्मजात आणि नंतर कमावलेल्या, अशा दोन्ही प्रतिकारांना खाली खेचतो.

‘ताणाने प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य मात्र तेवढेच सांगून थांबत असेल, तर ते अर्धे आहे. सर्दीत जो त्रास होतो, म्हणजे नाक गळणे, घसा सुजणे, अंग मोडून येणे, तो बव्हंशी विषाणूने केलेला नसतो. विषाणूला उत्तर देताना आपल्याच पेशी जे दाहकारक संदेश सोडतात त्यांचा तो परिणाम असतो. प्रतिकार नुसता मंदावला असता तर लक्षणे कमी व्हायला हवी होती. १९९९ मध्ये ५५ जणांना इन्फ्लुएन्झा-ए विषाणू देऊन केलेल्या प्रयोगात ताण अधिक असलेल्यांची लक्षणे अधिक होती, त्यांचा शेंबूड वजनाने अधिक भरला आणि त्यांच्या नाकातील स्रावात इंटरल्यूकिन-६ हा दाहकारक संदेशवाहकही अधिक सापडला.

हे कोडे २०१२ च्या अभ्यासात बरेचसे सुटले. ताण आला की मेंदूच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात आणि कॉर्टिसॉलचे एक काम दाह आटोक्यात ठेवणे हे असते. ताण दीर्घकाळ राहिला की पांढऱ्या पेशी त्या संप्रेरकाला दाद देईनाशा होतात. झिजलेल्या ब्रेकवर पाय कितीही जोरात दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही, तसे कॉर्टिसॉल रक्तात पुरेसे असूनही दाह थांबत नाही. २७६ जणांत दीर्घ ताण असलेल्यांमध्ये हा बधिरपणा अधिक आढळला आणि ज्यांच्यात तो होता त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण अधिक होते. ७९ जणांच्या दुसऱ्या गटात तोच बधिरपणा असलेल्यांच्या नाकात संसर्गानंतर दाहकारक रसायने अधिक तयार झाली. नुसत्या कॉर्टिसॉलच्या पातळीवरून मात्र कोण आजारी पडेल हे सांगता येत नव्हते. बाजारात ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून जी चूर्णे, काढे आणि गोळ्या करोनाकाळापासून खपत आहेत, त्यांच्या जाहिरातीत प्रतिकार हा वाढवण्या-घटवण्याचा एकच आकडा धरलेला असतो. या प्रकरणात तो तसा नाही: एकाच माणसात विषाणूला पहिल्या काही तासांत रोखण्याची क्षमता उणी आणि नंतरचा दाह अधिक, असे दोन्ही एकदम असू शकते.

जे सॉल्सबरीत मोजले गेले नाही

स्वयंसेवकांचे रक्त घेतले होते, पण त्यांचे जनुकसंच वाचले नव्हते. मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प तेव्हा नुकता आकार घेत होता, त्यामुळे हा दोष म्हणता येणार नाही. तरीही ताणाच्या प्रत्येक पायरीवर काही माणसे विषाणू नाकात जाऊनही कोरडी राहिली, याचे उत्तर आधीची प्रतिपिंडे, योगायोग आणि जनुके यांच्यातच शोधावे लागते.

आज मागे वळून पाहिल्यास त्या पाच विषाणूंची निवड फार बोलकी वाटते. पेशीत शिरण्यासाठी ऱ्हायनोव्हायरस ९ आणि १४ पेशीच्या पृष्ठभागावरील आयसीएएम-१ या प्रथिनाला धरतात. क्रमांक २ कोलेस्टेरॉल वाहून आणणाऱ्या एलडीएल-ग्राहीला धरतो. २२९-ई हा अमिनोपेप्टिडेज-एन या तिसऱ्याच प्रथिनाला. ताणाचा परिणाम एखाद्या ठरावीक ग्राहीवर, म्हणजे विषाणू धरतो त्या प्रथिनावर, होत असता तर तो काही विषाणूंपुरता दिसला असता. तो पाचही विषाणूंत सारखा दिसला, यावरून माझा तर्क असा की ताणाचे काम पेशीत शिरण्याच्या जागी नसून त्यापुढच्या, सर्व विषाणूंना समान असलेल्या बचावात असावे. जनुकांचे तसे नाही. ती दोन्हीकडे फरक करतात.

शिरण्याच्या जागेचे उदाहरण ऱ्हायनोव्हायरस-सी या गटाचे आहे. हा गट सॉल्सबरीच्या प्रयोगाच्या वेळी माहीतच नव्हता. २०१५ मध्ये त्याचा ग्राही सीडीएचआर३ हे प्रथिन असल्याचे दिसले. या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असलेल्या माणसांत ते पेशीच्या पृष्ठभागावर जास्त प्रमाणात येते, आणि तोच फरक लहानपणी दम्याचे तीव्र झटके येण्याशी जोडलेला असल्याचे आधीच ठाऊक होते.

आतल्या बचावाचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. पेशीत शिरलेल्या विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखून धोक्याचा इशारा देण्याचे काम एमडीए-५ हे प्रथिन करते, आणि इशारा मिळाल्यावर पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे विषाणूची नक्कल होऊ न देण्याच्या तयारीला लागतात. या प्रथिनाचे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेल्या एका बालरुग्णात ऱ्हायनोव्हायरसचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत असल्याचे २०१७ मध्ये नोंदले गेले. त्याच वर्षी श्वसनसंसर्गामुळे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या, एरवी निरोगी असलेल्या १२० मुलांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी आठ जणांत याच जनुकाचे काम बंद पाडणारे बदल सापडले. ज्या विषाणूला आपण ‘साधी सर्दी’ म्हणून सोडून देतो, त्याच्यापुढे एका जनुकाच्या अभावी मूल अतिदक्षता विभागात पोहोचू शकते.

कोविडच्या साथीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. प्राणघातक न्यूमोनिया झालेल्यांपैकी काही टक्के लोकांत इंटरफेरॉनच्या मार्गातील जनुके बिघडलेली होती आणि सुमारे दहा टक्के लोकांत इंटरफेरॉनलाच निकामी करणारी स्वतःची प्रतिपिंडे होती. ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील जो भाग गंभीर कोविडचा धोका वाढवतो, तो निअँडरथल मानवाकडून आलेला आहे. तो युरोपातील सुमारे १६ टक्के लोकांत आढळतो आणि दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत. मराठी वाचकांचा या संशोधनाशी असलेला संबंध त्यामुळे दूरचा नाही. पण असा भाग अंगी असूनही बहुसंख्य लोक गंभीर आजारी पडले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

मग जनुकांचा एकूण वाटा किती? २०१५ मध्ये २१० जुळ्या भावंडांच्या रक्तातील प्रतिकाराची २०४ मोजमापे घेतली गेली. एकबीज जुळे आणि द्विबीज जुळे यांच्यातील साम्य ताडून पाहता, सुमारे तीन-चतुर्थांश मोजमापांत फरकाचा मोठा भाग जनुकांबाहेरच्या कारणांचा निघाला. जुळ्यांपैकी एकाच्याच शरीरात सायटोमेगॅलो विषाणू (एकदा शिरला की शरीरात कायम राहणारा एक सर्रास आढळणारा विषाणू) असेल तर निम्म्याहून अधिक मोजमापे दोघांत वेगळी झालेली होती. एकसारखा जनुकसंच घेऊन जन्मलेली दोन माणसेही आयुष्यात कोणते विषाणू भेटले त्यानुसार वेगळी होत जातात. एखादे जनुक पूर्ण बिघडले असेल तर त्याच्यापुढे बाकी गोष्टी अनेकदा टिकत नाहीत. तसे ते बिघडलेले नसेल, आणि बहुतेकांचे नसतेच, तर जनुके मर्यादा आखून देतात आणि त्या मर्यादेच्या आत कोठे उभे राहायचे हे आयुष्य ठरवते.

दोन धागे एकमेकांत गुंततात ती जागा

ताण आणि जनुके ही दोन वेगळी खाती आहेत असे समजून कोणाच्या नावे किती टक्के मांडायचे, हा हिशेब एका टप्प्यानंतर निरर्थक होतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह कोल यांनी २००७ मध्ये दीर्घकाळ एकाकी असलेल्या आणि नसलेल्या, अशा मोजक्या १४ लोकांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. एकाकी लोकांत दाहाशी संबंधित जनुके अधिक जोमाने कामाला लागलेली होती आणि इंटरफेरॉनशी संबंधित जनुके मंदावली होती. जनुकांची अक्षरे बदललेली नव्हती. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते बाजूला ठेवायचे, हा क्रम बदलला होता. गट अगदी लहान होता, पण असेच चित्र नंतर इतर प्रकारच्या दीर्घ प्रतिकूलतेतही आढळले. सॉल्सबरी आणि पिट्सबर्ग येथील निष्कर्षांशेजारी ते ठेवून पाहावे: इंटरफेरॉन कमी म्हणजे विषाणूला मूळ धरायला सोपे, दाह अधिक म्हणजे लक्षणे अधिक. दोन्ही वाटा एकाच चित्रात बसतात.

आणि २०१० मध्ये याच गटाने हा गुंता एका अक्षरापर्यंत नेऊन दाखवला. इंटरल्यूकिन-६ च्या जनुकापुढे, त्याचे वाचन कधी सुरू व्हायचे हे ठरवणाऱ्या भागात, काही माणसांत ‘जी’ हे अक्षर असते आणि काहींत ‘सी’. ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून सुटणारे नॉरएपिनेफ्रिन एका प्रथिनाला जागे करते. ते प्रथिन ‘जी’ असलेल्या जागी येऊन बसते आणि जनुक चालू करते, ‘सी’ असेल तर त्याला तेथे नीट बसता येत नाही. म्हणजे तोच ताण, तेवढाच ताण, एका माणसात इंटरल्यूकिन-६ वाढवतो आणि दुसऱ्यात तेवढा वाढवत नाही. अशा माणसाच्या दाहात ताणाचा वाटा किती आणि जनुकाचा किती, असे विचारण्यात अर्थ राहत नाही, कारण दोघांपैकी एक काढून घेतला तर परिणामच उरत नाही.

या प्रकरणाच्या मर्यादा आणि पुढची वाट

सॉल्सबरीत विषाणू ठरवून दिला गेला, ताण मात्र दिलेला नव्हता. तो स्वयंसेवक घरून घेऊन आले होते. म्हणून ताणामागे दडलेले एखादे तिसरे कारण पूर्णपणे नाकारता येत नाही. मनुष्याला मुद्दाम बेकार करून किंवा त्याच्या घरात भांडण लावून असा प्रयोग करता येणार नाही, आणि करूही नये. माणसांना धोकादायक विषाणू देण्यालाही मर्यादा आहेत. लंडनमध्ये २०२१ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना करोना विषाणू अत्यल्प प्रमाणात, कडक देखरेखीखाली दिला गेला आणि निकालात धरलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना संसर्ग झाला. पण एवढ्या लहान गटात ताण आणि जनुके यांचा एकत्र ताळा मांडणे शक्य नसते.

मला यावर सर्वांत हाताशी असलेला मार्ग लसीकरणाचा वाटतो. लसीत घटक ठरलेला असतो, मात्रा ठरलेली असते, दिवस ठरलेला असतो आणि कोणाला आजारी पाडावे लागत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर यांनी १९९६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या ३२ जणांना आणि तशी जबाबदारी नसलेल्या ३२ जणांना फ्लूची लस दिल्यावरचे निकाल मांडले: प्रतिपिंडे चौपट वाढण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ६६ टक्के. त्याआधी १९९२ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाखेच्या ४८ विद्यार्थ्यांना हिपॅटायटिस-बीची लस परीक्षेच्या दिवसांतच टोचली होती. पहिल्या डोसनंतर एक-चतुर्थांश विद्यार्थ्यांतच प्रतिपिंडे दिसू लागली आणि हे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी तणावाखाली व कमी चिंतेत होते. याच लसीच्या बाबतीत जनुकांचा धागाही स्वतंत्रपणे नोंदलेला आहे: पाच ते दहा टक्के निरोगी प्रौढांत तिन्ही डोस घेऊनही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि एचएलए जनुकांचे (परके घटक प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे) काही ठरावीक प्रकार अशा लोकांत अधिक आढळतात. ताणाचा पुरावा एका कपाटात आणि जनुकांचा दुसऱ्या कपाटात, अशी ही स्थिती आहे.

आपल्याकडे वैद्यकीय आणि परिचारिका महाविद्यालयांतील मुला-मुलींनी ही लस घ्यायची असते, आणि तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासावी, असे मार्गदर्शन आहे. ती प्रतिमिलिलीटर १० मिली-युनिटच्या खाली आली तर डोसांची मालिका पुन्हा द्यायची असते. ही तपासणी बऱ्याचदा होतच नाही. ती नियमाने झाली, डोस कोणत्या तारखेला टोचला, त्या आठवड्यात परीक्षा किंवा सलग रात्रपाळी होती का, घरी कोणी दीर्घकाळ आजारी आहे का, एवढे केसपेपरवर लिहिले गेले आणि पातळी कमी आलेल्यांचा एचएलए प्रकार पाहिला गेला, तर सॉल्सबरीत जे दोन प्रश्न एकत्र विचारता आले नाहीत ते विचारण्याजोगी सामग्री काही वर्षांत जमा होईल. ज्या परिचारिकेची पातळी दहाच्या खाली आली, तिला मात्र तोपर्यंत थांबून चालणार नाही. दुसऱ्या मालिकेचा पहिला डोस, परीक्षा आणि रात्रपाळी नसलेला आठवडा पाहून, तिला लगेच मिळायला हवा.